जुन्या बुलेटचे वायरिंग घरी बांधायचे असेल तर

निपाणीहून तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांची १९९० च्या दशकातली बुलेट ३५० आहे, टाकीखालचे वायरिंग एका जागी वितळून एकमेकांना चिकटले आहे, आणि मधल्या काळात कोणीतरी हॅलोजन हेडलाइट, दोन हॉर्न व वेगळे इंडिकेटर बसवल्यामुळे बाजारातून आणलेला तयार वायरिंग सेट गाडीशी जुळत नाही. तेव्हा सगळे वायरिंग नव्याने घरी बांधता येईल का, आणि येत असेल तर सुरुवात कोठून करावी? बांधता येते. बेळगावात गेली सव्वीस वर्षे मी हेच काम करत आलो आहे आणि घाई न करणाऱ्या माणसाला ते जमते, हे मी अनेकदा पाहिले आहे. मात्र हे उत्तर तुमच्या गाडीसारख्या जुन्या, पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि इग्निशन कॉइल यांवर चालणाऱ्या गाड्यांपुरतेच आहे. फ्युएल इंजेक्शन आणि एबीएस असलेल्या नव्या गाडीचे मूळ वायरिंग स्वतः बांधण्याच्या फंदात पडू नये. तेथे कंपनीचाच सेट लावावा.

सर्वांत आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. वायर मधोमध सहसा बिघडत नाही. ती बिघडते टोकाला, म्हणजे जेथे ती कापली, सोलली, दाबली किंवा जोडली जाते तेथे. तुमच्या हेडलाइटचे उदाहरण घेऊ. ६०/५५ वॅटचा हॅलोजन बल्ब सुमारे ५ ॲम्पिअर करंट घेतो. बॅटरीपासून किल्लीपर्यंत, तेथून हँडलवरच्या डिपर स्विचपर्यंत आणि परत दिव्यापर्यंत जाता-येता वायरची लांबी सहज ३ मीटर भरते. ०.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर दर मीटरला सुमारे ०.०३४ ओहम रोध देते, म्हणजे एवढ्या वाटेत अर्धा व्होल्ट जातो. आता याच वाटेवरचे सहा सांधे हिरवट, गंजलेले आहेत आणि प्रत्येकाचा रोध केवळ ०.०५ ओहम आहे असे धरा. या सहा सांध्यांत मिळून दीड व्होल्ट जातो, म्हणजे अख्ख्या वायरीच्या तिप्पट. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगाने कमी होतो. १२ व्होल्टच्या गाडीत दोन व्होल्ट वाटेत गेले तर उजेड जवळजवळ अर्ध्यावर येतो. गळिताच्या हंगामात निपाणी-चिकोडी रस्त्यावर मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली रात्री पुढे असताना हा अर्धा उजेड म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. गिऱ्हाईक अशा वेळी जास्त वॅटचा बल्ब मागते. तो घातला की करंट वाढतो, सांधे आणखी तापतात आणि कधीतरी टाकीखाली वायर वितळते. तुमच्या गाडीत बहुधा हेच झाले असावे.

म्हणून सुरुवात पक्कड हातात घेऊन करू नका, कागदावर करा. गाडीतील प्रत्येक वस्तू किती करंट घेते ते वॅटला व्होल्टने भागून लिहून काढा: हेडलाइट ५ ॲम्पिअर, ब्रेकचा २१ वॅटचा बल्ब पावणेदोन, मागचा ५ वॅटचा दिवा अर्ध्याहून कमी, एका बाजूचे १० वॅटचे दोन इंडिकेटर पावणेदोन. हॉर्न प्रत्येकी दोन ते तीन ॲम्पिअर घेतात; नक्की आकडा मल्टिमीटर (व्होल्ट-ॲम्पिअर मोजण्याचे यंत्र) लावून मोजावा. पॉइंट मिटलेले असताना इग्निशन कॉइल सुमारे ३ ॲम्पिअर घेते. या यादीवरूनच कोणती वायर किती जाडीची आणि कोणता फ्यूज किती ॲम्पिअरचा, हे ठरते. बॅटरीपासून ॲमीटरपर्यंत (करंट दाखवणाऱ्या काट्यापर्यंत) जाणारी आणि तेथून पुढे वाटली जाणारी मुख्य वायर २ चौरस मिलिमीटरची घ्यावी. हेडलाइट, हॉर्न आणि सामायिक अर्थ (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी वायर) यांना १.५, इग्निशनला १, आणि इंडिकेटर, ब्रेक, टेल लॅम्प यांना ०.७५ पुरते. इंडिकेटरला त्याहून बारीक वायर करंटच्या हिशेबाने चालेल, पण हँडलजवळ रोज वाकणारी बारीक वायर लवकर तुटते, म्हणून मी तेथेही ०.७५ च्या खाली जात नाही.

वायर विकत घेताना दुकानदाराच्या तोंडी मापावर विसंबू नका. टोक सोलून आतील तारा मोजा. ०.२ मिलिमीटरच्या २४ तारा असतील तर ती ०.७५ ची, ३२ असतील तर १ ची, ०.३ मिलिमीटरच्या २१ तारा असतील तर १.५ ची आणि २८ असतील तर २ ची. यानंतर एक तार ब्लेडने खरवडून पाहा. वरचा तांबूस रंग जाऊन आत पांढरी चमक दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची वायर आहे. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो आणि ती दाबलेल्या जागी तुटते, त्यामुळे कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. घराच्या फिटिंगची वायरही वापरू नये. तिचे नेहमीचे पीव्हीसी ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या उष्णतेसाठी असते आणि बुलेटच्या इंजिनाच्या हेडजवळ उन्हाळ्यात ते टिकत नाही.

आता नकाशा. तुमच्या गाडीसाठी मी जो काढेन तो असा. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघालेली वायर आधी २० ॲम्पिअरच्या मुख्य फ्यूजमध्ये जाईल, तेथून हेडलाइटच्या घरातील ॲमीटरला आणि ॲमीटरच्या दुसऱ्या टोकावरून पुढे तीन वाटा फुटतील. पहिली वाट १० ॲम्पिअरच्या फ्यूजमधून हेडलाइटच्या रिलेला, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट जोडणाऱ्या स्विचला. दुसरी किल्लीतून ५ ॲम्पिअरच्या फ्यूजने इग्निशनला. तिसरी किल्लीतूनच १० ॲम्पिअरच्या फ्यूजने हॉर्न, ब्रेक, इंडिकेटर आणि टेल लॅम्पला. इंजिनावर चालून वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरकडून रेग्युलेटर-रेक्टिफायरमधून (ती वीज बॅटरीजोगी करणाऱ्या भागातून) येणारी चार्जिंगची वायरही ॲमीटरच्या याच दुसऱ्या टोकावर यावी. ती बॅटरीच्या बाजूला जोडली तर काटा चार्जिंग दाखवणार नाही. वाटा वेगळ्या करण्यामागे ठोस कारण आहे. एकच फ्यूज असलेल्या गाडीत टेल लॅम्पची वायर मडगार्डला घासून शॉर्ट झाली तर त्या क्षणी इंजिन आणि हेडलाइट दोन्ही बंद पडतात, आणि चोर्ला घाटातील वळणावर पावसात हे घडले तर सावरायला वेळ मिळत नाही. वाटा वेगळ्या असतील तर टेल लॅम्प जाईल, पण पुढचा उजेड आणि इंजिन चालू राहील. फ्यूज निवडताना एवढे लक्षात ठेवा की फ्यूज बल्बच्या रक्षणासाठी नसतो, त्याच्या पुढच्या वायरच्या रक्षणासाठी असतो. वायरला झेपेल त्याहून मोठा फ्यूज घातला तर आधी वायर जळते.

मुख्य फ्यूज बॅटरीपासून एका वितीच्या आत असलाच पाहिजे. याबाबतची माझी चूक सांगतो. धंद्यात नवा असताना खानापूर तालुक्यातील एका दूध घालणाऱ्या गृहस्थांच्या गाडीला मी नवे वायरिंग केले आणि काढायला-घालायला सोपा म्हणून मुख्य फ्यूज हेडलाइटच्या घरात बसवला. फ्यूजच्या अलीकडची, म्हणजे बॅटरीपासून तेथपर्यंतची सगळी वायर उघडीच राहिली. चार महिन्यांनी सीटखाली ती फ्रेमच्या कडेला घासून शॉर्ट झाली. फ्यूज पुढे असल्यामुळे तो उडण्याचा प्रश्नच नव्हता. पहाटे रस्त्यात धूर निघाला, तेव्हा त्यांनी उघड्या हाताने वायर ओढून काढली आणि तळहात भाजून घेतला. मी सगळे काम पुन्हा करून दिले. तेव्हापासून बॅटरीला लागून फ्यूज घातल्याशिवाय एकही गाडी माझ्याकडून गेलेली नाही.

हेडलाइटला रिले घालणे हा या संपूर्ण कामातील सर्वाधिक फायद्याचा भाग आहे. जुन्या डिपर स्विचचे संपर्क ५ ॲम्पिअर वर्षानुवर्षे सहन करण्याजोगे नसतात. रिले घातला की स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा, म्हणजे ०.२ ॲम्पिअरच्या आतला करंट जातो, आणि दिव्याचा खरा करंट ॲमीटरवरून रिलेच्या ३० क्रमांकाच्या पायात येऊन ८७ क्रमांकाच्या पायातून थेट बल्बला मिळतो. ८५ आणि ८६ हे कॉइलचे पाय. एकाला स्विचकडून आलेली वायर, दुसऱ्याला अर्थ. वरचा आणि खालचा प्रकाश यांना दोन वेगळे रिले लागतील. बुलेटच्या हेडलाइटच्या घरात दोन लहान रिले मावतात, आणि ॲमीटर तेथेच असल्याने जाड वायर हातभरही लागत नाही. दोन हॉर्न ठेवणार असाल तर त्यांनाही एक रिले द्या. एवढे करूनही जुना अल्टरनेटर हा भार पेलतो का, ते शेवटी मोजावे लागेल. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

ॲमीटर बरेच जण काढून टाकतात. मी तो ठेवतो, कारण चार्जिंग थांबले की काटा लगेच सांगतो. परंतु गाडीचा जवळजवळ सगळा करंट त्याच्या दोन बोल्टांतून जातो आणि एक सिलिंडरच्या इंजिनाच्या थरथरीने तेथील नट हमखास सैल होतात. त्या ठिकाणी गोल रिंगचे थिंबल (वायरीच्या टोकावर चेपून बसवायचे धातूचे टोक), खाली स्प्रिंग वॉशर आणि वर रबरी टोपी, एवढे हवेच.

आता अर्थ. बहुतेक कारागीर पॉझिटिव्हच्या वायरी जपून ओढतात आणि अर्थ फ्रेमवर सोडून देतात. हेडलाइटचा अर्थ हँडलच्या बाजूने सोडला तर करंटला परत येण्यासाठी स्टेअरिंगच्या बेअरिंगमधून, म्हणजे ग्रीस माखलेल्या गोळ्यांमधून वाट काढावी लागते. फ्रेमला नवा रंग दिलेला असेल तर आणखी कठीण. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, किंवा एका बाजूचा इंडिकेटर लावला की टेल लॅम्प त्याच्या तालावर उघडमीट करतो, अशी तक्रार घेऊन लोक येतात तेव्हा दहापैकी आठ वेळा दोष मागील अर्थचा असतो. करंटला स्वतःची परतीची वाट मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटा फिरतो. यासाठी पॉझिटिव्हइतक्याच निष्ठेने अर्थची स्वतंत्र १.५ ची वायर संपूर्ण वायरिंगमधून न्यावी आणि तिला हेडलाइट, हॉर्नचे रिले, प्रत्येक इंडिकेटर व टेल लॅम्प यांच्या फांद्या जोडाव्यात. ती बॅटरीच्या निगेटिव्हला थेट मिळावी, आणि तेथूनच एक जाड वायर इंजिनाच्या बोल्टला आणि एक फ्रेमला जावी. फ्रेमवरची जागा रंग खरवडून चकचकीत करावी आणि घट्ट केल्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावावी. हे सगळे निगेटिव्ह अर्थच्या गाडीसाठी आहे. ब्रिटिश धर्तीच्या काही फार जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असे, त्यामुळे बॅटरी काढण्यापूर्वी तुमच्या गाडीत कोणते टोक फ्रेमला आहे ते डोळ्यांनी पाहून लिहून ठेवा.

रंगांविषयी एक धोक्याची सूचना. भंगारातील दुसऱ्या गाडीचे वायरिंग कापून जोडण्याचा मोह होतो. होंडाच्या गाड्यांत हिरवी वायर अर्थची असते आणि काळी किल्लीनंतरची पॉझिटिव्ह; यामाहात काळीच अर्थची असते. अशा दोन गाड्यांचे तुकडे एका वायरिंगमध्ये आले की पुढच्या कारागिराच्या हातून शॉर्ट होणारच. रंग तुम्ही स्वतः ठरवा, पण ठरवलेला रंग शेवटपर्यंत बदलू नका आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची चिठ्ठी बांधा. आमच्याकडे एक मुलगा कन्नडमध्ये लिहितो, दुसरा मराठीत. कोणाच्या चिठ्ठीवरचे नाव कोणाला कळत नसे. क्रमांक सुरू केल्यापासून तो घोळ संपला.

माप घेण्यासाठी मी सुतळी वापरतो. बॅटरीच्या जागेपासून टाकीखालून हेडलाइटपर्यंत सुतळी प्रत्यक्ष गाडीवर बांधत न्यावी, जेथून हॉर्नची, ब्रेक स्विचची, कॉइलची फांदी फुटेल तेथे गाठ मारावी आणि फांदीची वेगळी सुतळी त्या गाठीला बांधावी. हे करताना हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पाहावे. स्टेमजवळ (हँडल फिरते त्या दांड्याजवळ) सुतळी ताणली गेली तर सैल सोडावी आणि पुन्हा वळवावे. डावीकडे वळवल्यावर ती फ्रेम आणि फोर्क यांच्या चिमट्यात येत नाही ना, तेही पाहावे. टाकी बसवून, तिला हाताने हलवून खाली काय घासते तेही तपासावे. मग ही गाठी मारलेली सुतळी काढून प्लायवूडच्या फळीवर पसरावी, गाठीच्या जागी खिळे ठोकावेत आणि त्या खिळ्यांमधून वायरी ओढाव्यात. प्रत्येक टोकाला चार बोटे वायर जास्त सोडावी. आखूड पडलेली वायर वाढवायची म्हणजे एक सांधा वाढवायचा, आणि सांधे कमी ठेवण्यासाठीच तर ही सगळी खटपट आहे.

क्रिंप करण्याचे, म्हणजे वायरीच्या टोकावर थिंबल चेपून बसवण्याचे, काम मात्र सावकाश करा. तांब्याच्या किंवा पितळी थिंबलला मागे पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढच्या जोडीने उघडी तार धरायची आणि मागच्या जोडीने वायरीचे वरचे आवरण. आवरण धरले नाही तर थरथरीचा सगळा मार उघड्या तारेवर येतो. वायर पंखांच्या लांबीपुरतीच सोलावी, एकही तार कापली जाऊ नये आणि कापली गेली तर टोक छाटून पुन्हा सोलावे. पंख साध्या पकडीने चेपू नयेत. त्यासाठी खास क्रिंपिंगची पक्कड मिळते, तिने दोन्ही पंख आत वळून तारांच्या गठ्ठ्यात घुसतात आणि बदामासारखा आकार दिसतो. हा आकार दिसेपर्यंत मी नव्या मुलाला गाडीला हात लावू देत नाही, टाकाऊ वायरीच्या तुकड्यांवर पन्नास वेळा सराव करायला लावतो. झाल्यावर प्रत्येक थिंबल हाताने जोर लावून ओढून पाहावे. सुटणारे तेथेच सुटू द्यावे. क्रिंपवर वरून कथील ओतण्याची पद्धत आपल्या भागात रूढ आहे, परंतु ती मला मान्य नाही. वितळलेले कथील तारांमधून आवरणाच्या आत चढते, तेवढा भाग सळईसारखा ताठ होतो आणि तो ताठपणा जेथे संपतो नेमक्या त्याच रेषेवर काही महिन्यांनी वायर तुटते. वरून आवरण शाबूत असते, त्यामुळे दोष सापडत नाही आणि गाडी कधी चालते, कधी बंद पडते.

टेप लावताना खालच्या टोकापासून वरच्या टोकाकडे, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवत न्यावा. खानापूरकडच्या घरांवर कौले खालून वर चढवत नेतात, त्याच कारणाने. वरून आलेले पाणी सांध्यात न शिरता घसरून जाते. साध्या चिकट टेपचा गोंद उन्हात पाघळतो, म्हणून वायरिंगसाठीची गोंद नसलेली पीव्हीसी टेप घ्यावी आणि तिची दोन टोके तेवढी चिकट टेपने बांधावीत. कपलरमध्ये (वायरी जोडण्या-सोडण्याच्या प्लॅस्टिकच्या जोडामध्ये) शिरण्यापूर्वी वायरीला थोडा झोल द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकते आणि कपलरमध्ये जात नाही. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात फिरणाऱ्या गाड्यांत हा झोल आणि कपलरमध्ये थोडे सिलिकॉन ग्रीस असले की सांधे हिरवे पडत नाहीत.

वायरिंग गाडीवर बसल्यावर बॅटरी थेट जोडू नका. मुख्य फ्यूज काढून त्याच्या दोन टोकांमध्ये २१ वॅटचा ब्रेकचा बल्ब लावा. किल्ली बंद असताना बल्ब पेटला तर कोठेतरी शॉर्ट आहे, पण बल्ब मध्ये असल्यामुळे पावणेदोन ॲम्पिअरहून जास्त करंट जाऊच शकत नाही आणि काही जळत नाही. तेव्हा एकेक कपलर सोडत जा. ज्याला सोडल्यावर बल्ब विझेल त्या वाटेवर दोष आहे. किल्ली उघडल्यावर पॉइंट मिटलेले असतील तर बल्ब थोडा लागेल, तो कॉइलचा करंट आहे, त्याची चिंता नको.

हे जमल्यावर फ्यूज घालून हेडलाइट लावा आणि मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरे बल्बच्या पॉझिटिव्ह पायाला धरा. आकडा ०.५ व्होल्टच्या आत हवा, ०.३ आला तर काम चांगले झाले. बल्बच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.२ च्या आत हवा. जास्त आला तर टोक सरकवत मागे या. ज्या सांध्यापाशी आकडा एकदम घटतो तोच सांधा पुन्हा करायचा. शेवटी इंजिन चालू करून मध्यम वेगावर, हेडलाइट लावलेला असताना, बॅटरीवर मोजा. १३ व्होल्टच्या वर असेल तर अल्टरनेटर भार पेलतो आहे. तेवढे मिळत नसेल आणि अल्टरनेटर-रेक्टिफायर ठीक असतील, तर ३५/३५ वॅटच्या बल्बवर या. वाटेत व्होल्टेज न गमावणारा ३५ वॅटचा दिवा वाटेत दोन व्होल्ट गमावणाऱ्या ६० वॅटच्या दिव्याइतकाच जवळजवळ रस्ता दाखवतो. चालू इंजिनावर बॅटरीची वायर सोडून चार्जिंग तपासण्याचा जुना प्रकार मुळीच करू नका. व्होल्टेज उसळून बल्ब आणि रेग्युलेटर दोन्ही जातात.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर ॲमीटरचे नट, बॅटरीची टोके आणि फ्रेमवरचा अर्थ पुन्हा एकदा घट्ट करा. क्रमांक घातलेला नकाशा दोन प्रतींत काढून एक घरी ठेवा आणि दुसरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टूलबॉक्समध्ये, पुढे ही गाडी ज्याच्या हाती दुरुस्तीला जाईल त्याच्यासाठी.